वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली, हे कंपनीत सांगायचं की नाही? कायदा काय म्हणतो आणि गावात काय घडतं?

"केवढा बारीक झालास! काय केलंस?" कंपनीच्या कँटीनमध्ये विचारला जाणारा हा प्रश्न बहुतेक वेळा कौतुकाचाच असतो. पण वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतलेला माणूस उत्तर देताना अडखळतो. खरं सांगितलं तर "म्हणजे शॉर्टकट मारलास" असं ऐकावं लागेल, ही धास्ती असते. खोटं सांगितलं तर ते रोज निभवावं लागतं. आणि गप्प बसलं तर लोक आपापल्या परीने उत्तर शोधतात.

लठ्ठपणा सध्या चर्चेत आहे. २३ फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी खाद्यतेल १० टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मौन्जारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन कमी करणारी इंजेक्शनं भारतात आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुषांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. म्हणजे साधारण चारात एक. उपचारांबद्दल उघड बोललं जाऊ लागलंय, पण "मी उपचार घेतला" हे वाक्य अजूनही सहज तोंडातून निघत नाही.

भोर-वेल्ह्यात हा प्रश्न जास्त अवघड का?

मोठ्या शहरात ऑफिस आणि घर ही दोन वेगळी जगं असू शकतात. पुणे जिल्ह्याच्या दक्षिणेला भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत तसं नसतं. २०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची ५५ हजारांच्या आत आहे. इथली अनेक तरुण मंडळी कापूरहोळ, नसरापूरमार्गे महामार्गावर येतात आणि खेड शिवापूरच्या पट्ट्यात किंवा नीरा नदीपलीकडे शिरवळच्या कारखान्यांत कामाला जातात.

कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारा सहकारी हा गावातला, भावकीतला किंवा बहिणीच्या सासरचा असू शकतो. सोमवारी शिफ्टमध्ये सांगितलेली गोष्ट रविवारी गावच्या पारावर पोहोचते. त्यामुळे इथे "सहकाऱ्यांना सांगायचं का?" या प्रश्नाचा अर्थ "गावाला सांगायचं का?" असा होतो. लग्न ठरायचं असलेल्या मुलीसाठी किंवा मुलासाठी तर याचं ओझं आणखी वाढतं.

शस्त्रक्रियेत नेमकं काय होतं?

या शस्त्रक्रियांना बेरिएट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. त्यात पोटावरची चरबी काढत नाहीत. चरबी ओढून काढणारी 'लायपोसक्शन' ही वेगळी, सौंदर्यासाठी केली जाणारी प्रक्रिया आहे. इथेच अनेकांचा गोंधळ होतो.

'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'मध्ये दुर्बिणीतून जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरलेलं जठर नळीसारखं होतं आणि भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक कमी तयार होतं. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींमुळे भूक आणि साखरेचं नियंत्रण बदलतं, म्हणून टाइप २ मधुमेह असलेल्यांना त्याचा विशेष फायदा होतो. १९८७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या आणि चार हजारांहून अधिक लोकांचा अनेक वर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं.

पण शस्त्रक्रिया झाली की काम संपलं, असं नसतं. पहिले काही आठवडे पातळ आणि मग मऊ अन्न, त्यानंतर कायमचं थोडं-थोडं, सावकाश चावून खाणं. प्रथिनांवर भर, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्या, नियमित रक्ततपासणी. पहिल्या काही महिन्यांत केस गळू शकतात. पथ्य सुटलं तर काही वर्षांनी वजन पुन्हा वाढू शकतं. याला शॉर्टकट म्हणणाऱ्याने ही यादी एकदा वाचावी.

कंपनीला सांगणं बंधनकारक आहे का?

सहकाऱ्यांना सांगणं तर मुळीच बंधनकारक नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. डॉक्टरांवर तर २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनेच रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं आहे. न्यायालयाचा आदेश किंवा इतरांना गंभीर धोका असे मोजके अपवाद सोडले, तर डॉक्टर ती उघड करू शकत नाहीत.

कंपनीबाबत मात्र थोडं बारकाईने पाहावं लागतं.

रजा: आजारपणाच्या रजेसाठी कंपनी वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकते. डॉक्टर खोटं प्रमाणपत्र देऊ शकत नाहीत. पण "पोटाची शस्त्रक्रिया, इतके दिवस विश्रांती" हे वाक्य खरंच आहे. कंपनीच्या नियमात जास्त तपशील मागितलेला नसेल, तर तेवढं पुरू शकतं.

विमा: कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून खर्च करायचा असेल, तर कागदपत्रं विमा कंपनीकडे जातात. विमा नियामकाने ठरवलेल्या चौकटीनुसार साधारणपणे बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ वा त्याहून जास्त आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास यांपैकी काही असेल, तर हा खर्च ग्राह्य धरता येतो. विमा कंपनीपासून शस्त्रक्रिया लपवणं मात्र महागात पडू शकतं. पुढे नवी पॉलिसी घेताना विचारलेली माहिती दडवली, तर दावा नाकारला जाण्याचा धोका असतो.

आरोग्य तपासणी: २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत ४० वर्षांवरील कामगारांसाठी वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आहे. तिथे डॉक्टरांना खरं सांगणं आपल्याच हिताचं आहे. पण तो अहवाल सुपरवायझरच्या टेबलावर उघडा पडता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित कारणांसाठी कंपनीला काही माहिती संमतीशिवाय वापरण्याची मुभा आहे. ती मुभा कामापुरती आहे, कँटीनमधल्या गप्पांपुरती नाही.

मोठ्या माणसांनी काय केलं?

नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते आणि शस्त्रक्रियेची बातमी लगेच सगळीकडे झाली. मधुमेहाचा त्रास हे त्यामागचं कारण होतं. त्यांचं राजकारण त्यामुळे थांबलं नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावरही दिल्लीत अशीच शस्त्रक्रिया झाली. तेव्हाही मधुमेहामुळे वाढलेलं वजन हे कारण सांगण्यात आलं. नंतर त्यांना 'एम्स'मध्ये हलवावं लागलं, तीही बातमी झाली.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी उलट मार्ग धरला. फेब्रुवारी २०१३ मध्ये ते वेगळ्या नावाने रुग्णालयात दाखल झाले आणि मे महिन्यात त्यांनी ते स्वतःच जाहीर केलं.

शस्त्रक्रियेआधीही अपमान होतोच, याचं उदाहरण मुंबईतच घडलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये महापालिका निवडणुकीच्या मतदानादिवशी एका लठ्ठ पोलीस अधिकाऱ्याचा फोटो ट्विटरवर टाकून मुंबईच्या बंदोबस्ताची खिल्ली उडवण्यात आली. तो अधिकारी मुंबई पोलिसांचा नव्हताच, मध्य प्रदेशचा होता. आपलं वजन आजारपणामुळे वाढल्याचं त्याने सांगितलं. पुढे त्याच्यावर मुंबईतच वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. म्हणजे लठ्ठ असताना "खाण्यावर ताबा नाही" आणि उपचार घेतला तर "शॉर्टकट". टोमणे दोन्हीकडून बसतात.

नेत्यांकडे प्रसिद्धी सांभाळणारी माणसं असतात. लाइनवर उभं राहून काम करणाऱ्याला आपली बाजू स्वतःच मांडावी लागते.

गप्प राहिलं तर काय होतं?

गप्प राहण्याचा हक्क पूर्ण आहे, पण त्याचीही किंमत असते. चार महिन्यांत कपडे सैल झाले, गाल बसले, डब्यातलं निम्मं अन्न परत जायला लागलं, की गावात तर्क सुरू होतात. "साखर वाढली असेल", "टीबी तर नाही ना?", "काहीतरी मोठं दुखणं दिसतंय". एखाद्या महिलेला जेवताना उलटी झाली, तर "गोड बातमी आहे का?" असंही विचारलं जातं. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगितलेलं असतं.

दुसरी अडचण आग्रहाची. यात्रेचं जेवण असो की कंपनीतली पार्टी, "अजून दोन घास" हे आपल्याकडे प्रेम असतं. लहान झालेल्या जठराला तेच दोन घास दुखणं आणि उलटी देतात. दारूही या शस्त्रक्रियांनंतर लवकर आणि जास्त चढते. सोबतच्या एकाला जरी माहीत असेल, तर तो ताटावर हात ठेवू शकतो.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड वजन उचलायला मनाई असते. काहींना गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, चक्कर येते. बायपास झालेल्यांनी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या असतात, कारण त्यांनी अल्सर होऊ शकतो. प्रथमोपचार पेटीतून कोणीतरी काळजीपोटी दिलेली गोळी इथे त्रासाची ठरू शकते.

आणि सांगितलं तर?

सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही. त्यानंतर प्रत्येक वडापावावर टिप्पणी होऊ शकते: "तुला चालतं का रे हे?" दोन वर्षांनी वजन थोडं वाढलं, तर "एवढे पैसे घालून काय उपयोग?" हेही ऐकावं लागतं. वजनाच्या हिणवणीने माणूस बारीक होत नाही, उलट त्याच्या शरीर-मनाला अपाय होतो, असं 'नेचर मेडिसिन'मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या संयुक्त निवेदनात म्हटलं आहे. ज्याला अशा बोलण्याचा त्रास होतो, त्याने न सांगणं हा भित्रेपणा नाही.

मग मधला रस्ता कोणता?

"सगळ्यांना सांगायचं" आणि "कोणालाच नाही" या दोन टोकांमध्ये बरीच जागा आहे. माहिती कोणाला हवी आहे आणि कोणाला गरजेची आहे, हा फरक केला की निर्णय सोपा होतो.

• गरजेची: कंपनीचे डॉक्टर, काम हलकं करून द्यायचं असल्यास वरिष्ठ, आणि शिफ्टमधला एक विश्वासू सहकारी. वरिष्ठाला "पोटाचं ऑपरेशन झालंय, दीड महिना जड काम नको" एवढं सांगितलं तरी चालतं.

• नुसती हवी असलेली: बाकी सगळे. त्यांच्यासाठी एक छोटं, खरं वाक्य तयार ठेवावं. "डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत, आता बरं आहे." पुढे कोणी खोदून विचारलं, तर तेच वाक्य पुन्हा.

एक गोष्ट मात्र टाळलेली बरी: खोटा सल्ला. "रोज गरम पाणी पितो", "फक्त चालतो", किंवा डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेली दिवसातून दोनदा जेवण्याची पद्धत पाळली, असं न केलेलं सांगणं. आहार आणि चालण्याचा फायदा होतोच, पण शस्त्रक्रियेने उतरलेले ४० किलो त्यांच्या नावावर लावले, तर समोरचा मधुमेही सहकारी तेच करून पाहतो. त्याचं वजन तेवढं उतरत नाही आणि तो दोष स्वतःला देतो. कदाचित त्यालाही डॉक्टरांना भेटण्याची गरज असते, आणि ती भेट लांबते.

आपली माहिती आपल्याकडे ठेवण्याने कोणाचं नुकसान होत नाही. चुकीच्या माहितीने होऊ शकतं. आणि विचारणाऱ्यांसाठीही यात एक सोपी गोष्ट आहे. सहकारी बारीक दिसला, तर "काय केलंस?" ऐवजी "बरा आहेस ना?" विचारलं, तर किती सांगायचं हे त्याला स्वतः ठरवता येतं.