दात हलेपर्यंत थांबायचे कशाला?

वुजू करताना चूळ भरली आणि पाण्यात रक्त दिसले, तर आपल्यापैकी किती जण दवाखान्यात जातात? दुखत नाही ना, मग कशाला जायचे! हिरड्यांचा आजार याच बेफिकिरीवर वाढतो.

भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३५ ते ४४ वयोगटातील दहापैकी जवळपास नऊ जणांना हिरड्यांचा त्रास आढळला. गुरुकुंज मोझरी आणि आसपासच्या आपल्या वऱ्हाडात त्यात खर्‍याची भर पडते. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूर न होणारी तंबाखू वापरतात. गालात तंबाखू धरली की त्या जागेची हिरडी खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते.

दातांवरचा मऊ थर रोज निघाला नाही तर तो कडक होतो. मग मिस्वाक असो की ब्रश, घासून तो जात नाही. दंतवैद्याकडूनच सफाई करावी लागते. वेळेत केली तर हिरड्या पूर्ववत होतात. हाड झिजले की ते सहसा भरून येत नाही. सफाईने दात हलतात, हा गैरसमज आहे. ते आधीच सैल झालेले असतात, कडक थरामुळे ते जाणवत नाही एवढेच. मधुमेह असलेल्यांनी तर जास्तच जपावे. हिरड्या बिघडल्या की साखरही आवरत नाही.

पैगंबर साहेबांनी (स.) मिस्वाकचा आग्रह धरला. १९३५ साली मोझरीत आश्रम उभारणार्‍या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला जागा दिली. शिकवण दोन्हीकडे आहे, कमी आहे ती जवळची सोय. दंत महाविद्यालय अमरावतीला. मजुराला तिथे जायचे तर भाडे लागते आणि रोजीही बुडते. म्हणून तो दात उपटायची वेळ येईपर्यंत थांबतो. माझ्यासारख्या आयटीवाल्यांच्या विम्यातही दातांचा खर्च बहुधा बसत नाही, मग त्याच्याकडून काय अपेक्षा करायची?

आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत मुखआरोग्य आहे. म्हणून तरुणांनी ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतो? सफाईचे यंत्र चालू आहे का? गावात तपासणी कधी होणार? उत्तर लेखी मागावे. शिबिर झालेच तर ते फक्त आपल्या मोहल्ल्यापुरते नको, अख्ख्या गावासाठी हवे. हिरड्यांना जात-धर्म नसतो.