जकातनाका कोणाचा?

देवगडच्या हापूसला गिऱ्हाईक शोधण्यासाठी आता वाशीच्या बाजाराचीच वाट धरावी लागत नाही. बागायतदाराचा शिकलेला मुलगा संकेतस्थळ उभारतो, पुण्या-मुंबईहून मागणी येते आणि पेटी थेट घरी पोहोचते. अडत्याच्या जाचातून सुटल्याचे समाधान मोठे असते. परंतु त्याच संकेतस्थळावर 'कार्डाने पैसे भरा' ही कळ कोणी व कोणत्या अटींवर बसवली, असे विचारले की उत्तर ठरलेले : ''वेबसाईट करणाऱ्याने बसवून दिली.'' वाशीच्या अडतीची पै न् पै मोजणारा हा माणूस नव्या अडत्याचा करार न वाचताच मान्य करतो!

हिशेब अवघड नाही. तीन हजार रुपयांच्या पेटीचे पैसे कार्डाने आले आणि दर दोन टक्के असला, तर ६० रुपये कापले जातात. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १० रुपये ८० पैसे. हाती उरतात २,९२९ रुपये २० पैसे. हंगामात अशा पाचशे पेट्या गेल्या तर ३५,४०० रुपये वाटेतच जिरले. या कपातीचा मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. उरलेल्यात कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी, व्यापाऱ्याची बँक आणि मधली पेमेंट अ‍ॅग्रिगेटर संस्था हे वाटेकरी. सेवा घेतली तर मोल द्यावे, याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती डोळे मिटून देण्याबद्दल.

प्रश्न केवळ दोन टक्क्यांचा असता तर तो हिशेबनिसावर सोपवता आला असता. खरा प्रश्न आहे तो जकातनाक्याच्या मालकीचा. डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्सकडे जाणारा देणग्यांचा ओघ व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपाल यांनी रोखला. त्या संस्थेबद्दल मत काहीही असो, न्यायालयाचा निवाडा होण्यापूर्वीच नाका बंद झाला, हे विसरता येत नाही. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातील व्यवहार थांबवले. तरीही रशियातल्या बँकांनी दिलेली कार्डे देशांतर्गत चालतच राहिली, कारण अंतर्गत व्यवहारांची प्रक्रिया २०१५ मध्येच राष्ट्रीय यंत्रणेकडे आणली गेली होती. युक्रेनयुद्धाचे समर्थन न करताही हा धडा घेता येतो. भारतात 'रुपे' २०१२ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याला नाके मुरडणारे कमी नव्हते!

एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने देयकांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. विदेशी कंपन्यांनी कुरकुर केली, परंतु बँक बधली नाही. पूर्तता न केल्याबद्दल २२ जुलै २०२१ पासून मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास बंदी झाली. पूर्तता केल्यावर, जून २०२२ मध्ये ती उठली. राज्यसंस्था खंबीर राहिली की बलाढ्य कंपन्याही नियम पाळतात.

मग काही उत्साही मंडळी म्हणतात, विदेशी कार्डे घेऊच नयेत. हा स्वदेशीचा विपर्यास आहे. न्यूजर्सीत राहणारा मुलगा दादरच्या आईवडिलांसाठी पेटी मागवणार, तो व्हिसाच्या कार्डानेच. त्याला परत पाठवून कोणते राष्ट्रकार्य साधणार? विदेशी कार्डांची सोय वेगळी मागून घ्यावी लागते, तिचा दरही चढा असतो. तो किमतीत धरावा आणि पेटी पाठवावी. मात्र सर्व भिस्त एकाच विदेशी दारावर ठेवू नये. पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातील देशांतर्गत देयकांची सेवा बंद केली, तेव्हा केवळ तिच्यावर विसंबलेल्यांना दुसरे दार शोधावे लागले.

देशातल्या ग्राहकासाठी मात्र पहिली कळ यूपीआयचीच हवी. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरील मर्चंट डिस्काउंट रेट १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. तरीही काही अ‍ॅग्रिगेटर आपले वेगळे सेवाशुल्क लावतात, ते करारात शोधावे. रुपेच्या क्रेडिट कार्डाला ही सर्वसाधारण माफी नाही, हेही ध्यानात असावे. आणि यूपीआयचा मार्ग आपला असला तरी त्यावर धावणाऱ्या बहुतेक गाड्या गुगल पे आणि वॉलमार्टचे भांडवल असलेल्या फोनपेच्या आहेत! स्वदेशीवर व्याख्यान देणाऱ्यांनी आपल्या खिशातला फोन एकदा तपासावा.

अ‍ॅग्रिगेटर निवडताना त्याला रिझर्व्ह बँकेची अधिकृतता आहे का, हे प्रथम पाहावे. मार्च २०२० च्या नियमांनुसार ग्राहकांचे पैसे त्याने एस्क्रो खात्यात वेगळे ठेवणे बंधनकारक झाले. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही. तेव्हा फोनवर क्रमांक विचारून वहीत टिपण्याची सवय ताबडतोब सोडावी. पैसे किती दिवसांनी खात्यात येतील आणि पेटी परत आली तर कापलेले शुल्क मिळेल की नाही, ही कलमे बहुधा शेवटच्या पानांवर असतात. वाटेत आंबा नासल्याची तक्रार ग्राहकाने थेट बँकेकडे केली, तर रक्कम उलट वळती होऊ शकते. अशा वेळी कुरिअरची पावती आणि पेटी भरतानाचे छायाचित्र हाच पुरावा. पॅन, बँक खाते, संकेतस्थळावरील परताव्याचे धोरण यांच्या तपासणीला वेळ लागतो. म्हणून हे काम झाडाला मोहोर असतानाच हाती घ्यावे, पेट्या भरायला लागल्यावर नव्हे.