चुकांची वही



माझ्या नातीची क्लॅट यंदा हुकली. घरात लगेच सूर निघाला, "आता मुकाट्यानं बी.कॉम. कर." मी स्वतः बी.कॉम., तरी मला ते पटलं नाही.

या परीक्षेत दोन तासांत 120 प्रश्न. चार उत्तरं चुकली की कमावलेला एक गुण जातो. नातीनं सराव परीक्षा भरपूर दिल्या, पण चुका कधी तपासल्याच नाहीत. आपण प्रतिक्रमण करतो ते रडत बसायला नव्हे. दोष ओळखून पुन्हा न करायला. मी तिला वही आखून दिली: चूक, कारण, दुरुस्ती.

मुलाला धंद्यात खोट आली तर आपण पुन्हा भांडवल देतो. मग मुलीला आणखी एक वर्ष देताना हात आखडता का?