विश्लेषण : यकृताच्या पेशी एकट्या का टिकत नाहीत? औषधचाचणीतील ‘को-कल्चर’ काय आहे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९९३ मध्ये ‘फियालुरिडिन’ या हिपॅटायटिस-बीवरील औषधाची १५ रुग्णांवर चाचणी सुरू होती. सुरुवातीचे काही आठवडे सारे सुरळीत होते. मग सात जणांचे यकृत निकामी झाले. पाच जण दगावले, दोघे यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले. आधी प्राण्यांवर झालेल्या चाचण्यांत या धोक्याचा अंदाज आलाच नव्हता.

मग मानवी पेशींवरच औषध का तपासत नाहीत?

तपासतात, पण अडचण वेळेची आहे. शरीराबाहेर काढलेल्या यकृतपेशी काचेच्या बशीत एकट्या वाढवल्या, तर काही दिवसांतच त्यांचे काम मंदावते. अल्ब्युमिन प्रथिन कमी होते, औषधांचे विघटन करणारी एन्झाइम घटतात. पेशी जिवंत दिसतात, पण यकृतासारख्या वागत नाहीत. फियालुरिडिनचे दुष्परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागले होते. आठवडाभरात ढेपाळणाऱ्या पेशी ते कसे दाखवणार?

शेजारी मिळाला की काय बदलते?

यकृतात या पेशींभोवती रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या, प्रतिकारशक्तीच्या आणि आधार देणाऱ्या पेशी असतात. एकमेकींना स्पर्श करून आणि रासायनिक संदेश पाठवून त्या काम चालू ठेवतात. हा शेजार बशीत तयार करणे म्हणजे को-कल्चर, म्हणजेच सहसंवर्धन. फ्रेंच संशोधकांनी १९८३ मध्ये उंदराच्या यकृतपेशी दुसऱ्या प्रकारच्या पेशींसोबत वाढवल्या, तेव्हा अल्ब्युमिन कित्येक आठवडे मिळत राहिले. २००८ मध्ये एमआयटीच्या संगीता भाटिया आणि सलमान खेतानी यांनी मानवी यकृतपेशींची सुमारे अर्ध्या मिलिमीटरची बेटे करून भोवती उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी पसरवल्या. नुसती सरमिसळ पुरत नाही, मांडणीही महत्त्वाची असते, हे त्यातून दिसले.

पुढची पायरी चिपची. बोस्टनच्या ‘एम्युलेट’ कंपनीने चार प्रकारच्या यकृतपेशी असलेल्या ८७० चिपवर २७ औषधे तपासली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, यकृताला घातक औषधांपैकी ८७ टक्के औषधे चिपने ओळखली आणि एकाही सुरक्षित औषधाला घातक ठरवले नाही. अर्थात, अभ्यास चिप विकणाऱ्या कंपनीचाच आहे, हे विसरून चालणार नाही.

गोम कुठे आहे?

प्रत्येक पेशीला लागणारे पोषक द्रव वेगळे असते. एकीला मानवणारे दुसरीला मानवत नाही, त्यामुळे तडजोड करावी लागते. भराभर वाढणारी पेशी दुसरीला झाकोळून टाकते. शिवाय, एखादा बदल नेमका कोणत्या पेशीमुळे झाला, हे वेगळे काढणे किचकट असते.

भारतात काय स्थिती?

नवी औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांत मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि प्राण्यांऐवजी पेशी किंवा चिपवरील चाचण्यांना वाट मिळाली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून देशभरातील प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात. मात्र यकृताच्या अभ्यासात सर्रास वापरली जाणारी ‘हेप-जी-२’ ही पेशी मूळची यकृताच्या गाठीतली. ती न थकता वाढते, पण औषध पचवणारी एन्झाइम तिच्यात कमी असतात. खऱ्या यकृतपेशी मुख्यतः प्रत्यारोपणास अयोग्य ठरलेल्या, दान केलेल्या यकृतांतून मिळतात. आणि भारतात मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांचे प्रमाण दर दहा लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आहे.