मुलं सुखरूप परतली, आता पुढे काय?

१९ जून २०२५ ची पहाट. दिल्ली विमानतळावर इराणमधून सुटका झालेले पहिले ११० विद्यार्थी उतरले. टीव्हीवर ती दृश्यं आपण सगळ्यांनीच पाहिली. डोक्यावरचा दुपट्टा सावरत बाहेर येणाऱ्या मुली, त्यांना गळ्याशी धरून रडणारे अब्बू, पाठीवर एकच बॅग. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'अल्हम्दुलिल्लाह'चा पाऊस पडला. आम्हीही लिहिलं, मनापासून लिहिलं.

दोन दिवसांनी ग्रुप शांत झाला. टीव्हीवर दुसरी बातमी आली. पण त्या ११० घरांत खरा प्रश्न तेव्हा सुरू झाला होता: पोरगी घरी आली, आता तिच्या डॉक्टरकीचं काय?

आधी काय घडलं ते थोडक्यात. १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले आणि इराणचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. उर्मियाच्या वैद्यकीय विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना रस्त्याने आर्मेनियात नेलं आणि तिथून विमानाने दिल्लीला आणलं. या पहिल्या ११० पैकी ९० जण जम्मू-काश्मीरचे होते. तेहरानमधल्या मुलांना दूतावासाने बसने आधी कोमला हलवलं. पुढे मशहदहून विमानं सोडण्यासाठी इराणने आपलं आकाश खास भारतीयांसाठी उघडलं. सरकारने या मोहिमेला 'ऑपरेशन सिंधू' नाव दिलं. २४ जूनला युद्ध थांबलं. दूतावासाच्या लोकांनी रात्रंदिवस काम केलं, याबद्दल त्यांचे आभार मानायलाच हवेत.

पण हे पहिल्यांदा घडलं का? नाही. गेल्या पाच-सहा वर्षांचा हिशोब मांडून बघा.

२०२० च्या सुरुवातीला कोरोनामुळे चीनमधून मुलं परतली. त्यांना पुन्हा व्हिसा मिळायला ऑगस्ट २०२२ उजाडला. म्हणजे अडीच वर्षं घरात बसून मोबाईलवर डॉक्टरकी! २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमधून 'ऑपरेशन गंगा'खाली साधारण साडेबावीस हजार भारतीय आणले गेले. त्यात विद्यार्थीच जास्त होते. खारकीवमध्ये खाण्याचं सामान आणायला बाहेर पडलेला कर्नाटकचा एक मुलगा मात्र परत आला नाही. मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलवर हल्ले केले. त्याच वर्षी जुलैमध्ये बांगलादेशात आरक्षणविरोधी आंदोलन पेटलं, इंटरनेट बंद झालं आणि साडेचार हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी परतले. त्या दिवसांत तिकडे शिकणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांना साधी खैरियत कळत नव्हती.

देश वेगळे, कारणं वेगळी. एक गोष्ट मात्र सारखी: मुलं आणायला विमान गेलं, पण त्यांच्या अर्धवट शिक्षणाला पुढे नेणारं काही तयार नव्हतं.

युक्रेनच्या मुलांचंच बघा. पालक म्हणत होते, इथल्या कॉलेजात सामावून घ्या. केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की कायद्यात तशी तरतूद नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, एक वाट दिली. मूळ युक्रेनी विद्यापीठात नाव ठेवून उरलेलं शिक्षण दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात घ्यायचं आणि पदवी मूळ विद्यापीठाची घ्यायची. कागदावर ही सोय चांगली होती. पण नवा देश, नवा व्हिसा, नवी फी. ज्यांनी घर गहाण ठेवून पहिली फी भरली, त्यांनी दुसरी कुठून आणायची? शेवटच्या वर्षातल्या मुलांना मार्च २०२३ मध्ये इथे एकदाच परीक्षा देण्याची संधी मिळाली, त्यापुढे दोन वर्षं इंटर्नशिप. मधल्या वर्षांतली मुलं मात्र बराच काळ लटकलेलीच राहिली.

आता कुणी म्हणेल, मग बाहेर पाठवताच कशाला? हे बोलणं सोपं आहे. २०२५ च्या नीटला २२ लाखांहून जास्त मुलं बसली, १२ लाखांहून जास्त पात्र ठरली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या सुमारे निम्म्या खासगी कॉलेजांच्या. तिथली फी ऐकली की रिक्षावाला, दुकानदार, प्राथमिक शिक्षक, सगळेच गप्प होतात. मग तेहरान, ढाका, बिश्केक नकाशावर जवळ दिसू लागतात. त्यात तिकडे हलाल जेवण आहे, नमाजची सोय आहे, मुलीच्या स्कार्फकडे कुणी वळून बघत नाही. आई-वडिलांना वाटतं, चला, आपल्यासारख्याच लोकांत राहील. ही भावना आम्ही चुकीची मानत नाही. फक्त ती पुरेशी नाही.

आमच्याकडे दरवर्षी निकालानंतर पालक सल्ल्याला येतात. हातात एजंटचं गुळगुळीत माहितीपत्रक असतं. मंगल कार्यालयात सेमिनार झालेला असतो, सोबत बिर्याणी. आम्ही विचारतो, एजंटला काय काय विचारलंत? उत्तरं ठरलेली असतात: मेस हलाल आहे का, मुलींचं होस्टेल वेगळं आहे का, हप्ते पडतात का. सगळे प्रश्न रास्त. मग आम्ही विचारतो, कोर्स किती महिन्यांचा? इंटर्नशिप कुठे? मध्येच परत यावं लागलं तर? तेव्हा समोरचे एकमेकांकडे बघतात. "सर, असं अशुभ कशाला बोलता?" असंही ऐकून घेतलंय आम्ही.

अशुभ नाही, नियम आहे. एनएमसीने नोव्हेंबर २०२१ मध्ये परदेशी पदवीसाठी नवे नियम आणले. कोर्स किमान ५४ महिन्यांचा हवा. त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी. पूर्ण शिक्षण एकाच संस्थेत. ती पदवी घेऊन त्या देशात डॉक्टर म्हणून काम करता आलं पाहिजे. शिवाय भारतात आल्यावर एफएमजीई परीक्षा आणि पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप. या परीक्षेत बहुतेक वेळा चार-पाच जणांमागे एखादाच पास होतो. आणि नुसतं ऑनलाइन शिकलेलं एनएमसी मानत नाही.

हे नियम वाचले की लक्षात येतं, मधेच खंड पडलेल्या मुलाची अडचण नेमकी काय आहे. तो दुसरीकडे गेला तर 'एकाच संस्थेत'ची अट आडवी येते. घरी बसून ऑनलाइन शिकला तर ते धरलं जात नाही. म्हणजे बॉम्ब थांबले तरी त्याला त्याच विद्यापीठात, त्याच शहरात परत जावं लागतं. आई कितीही रडली तरी. हे एजंट सांगत नाही. पण आपण विचारतही नाही, हेही खरं.

आता एक नाजूक गोष्ट. जूनमध्येच एक वडील भेटले. त्यांना एक मुलगा, एक मुलगी, दोघंही नीट पात्र. दोघांना परदेशी पाठवायचं ठरत आलं होतं. इराणची दृश्यं पाहिल्यावर त्यांनी निर्णय बदलला. मुलीचा! मुलाचे कागद पुढे सरकले, मुलीला बीएस्सीला टाकायचं ठरलं. आम्ही म्हटलं, भाई, बॉम्ब मुलगा-मुलगी बघून पडतात का? ते म्हणाले, "सर, तुम्ही टीचर आहात, तुम्हाला बोलायला काय जातं. आम्हाला रात्री झोप येत नाही."

त्यांची फिक्र खोटी नव्हती, म्हणून आम्ही वाद घातला नाही. पण घरी येऊन विचार करत राहिलो. प्रत्येक संकटानंतर आपल्या समाजात दंड कुणाला होतो? एजंटला नाही, विद्यापीठाला नाही. जी मुलगी अजून घराबाहेरही पडलेली नाही, तिला होतो. एका देशात दंगल झाली की दहा घरांतल्या मुलींचं शिक्षण गुपचूप आवरलं जातं. त्याची बातमी कुठेच येत नाही.

भीती पसरवण्यात आपले मोबाईलही मागे नसतात. बिश्केकच्या वेळी विद्यार्थी ठार झाल्याचे, मुलींवर अत्याचार झाल्याचे मेसेज रात्रभर फिरले. किर्गिझ सरकार आणि पाकिस्तानचा दूतावास दोघांनीही मृत्यूच्या बातमीला दुजोरा दिला नाही. पण तोवर कितीतरी माता मुसल्ल्यावर बसून रडल्या होत्या. 'फॉरवर्ड' करणाऱ्याने कुणाचीच माफी मागितली नाही.

मग करायचं काय? उंट बांधून मग तवक्कुल, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे उंट बांधणं म्हणजे काही साधी कामं.

एक, पैसे भरण्याआधी वर सांगितलेले नियम विद्यापीठाकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडून नको. दोन, मूल पोहोचल्या दिवशी दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदणी करा. इराणमध्ये दूतावासाने सूचना टेलिग्रामवर दिल्या, जो जोडलेला होता त्याला आधी कळलं. तीन, प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका, फीच्या पावत्या, पासपोर्ट, व्हिसा यांच्या स्कॅन प्रती घरी आणि ईमेलमध्ये ठेवा. पळताना माणूस जीव घेऊन येतो, फाईल घेऊन नाही. चार, परतीच्या तिकिटाइतके पैसे वेगळे ठेवा. विमा घेतला तर युद्ध-दंगल त्यात धरलेली आहे का, हे वाचा. बहुतेक वेळा नसते.

आणि एक काम समाजाचं. आपल्या शहरात लग्नासाठी कमिट्या आहेत, कब्रस्तानासाठी आहेत. परदेशी शिकणाऱ्या मुलांची एक साधी यादी मोहल्ल्यात कुणाकडे आहे? कोण कुठे शिकतं, कितव्या वर्षाला आहे, घरचा नंबर काय. जुम्याच्या नमाजनंतर अर्ध्या तासाचं हे काम आहे. तिकडून शिकून आलेला डॉक्टर त्या बैठकीला बोलवा. एजंटपेक्षा तो खरं सांगेल. आमच्या शाळेत यंदापासून ही वही सुरू केली आहे. पहिल्या दिवशी नऊ नावं आली, त्यात चार मुली.

त्या वडिलांनाही आम्ही निरोप पाठवला आहे, एकदा मुलीला घेऊन या म्हणून. कागद घेऊन बसू, देश बदलायचा तर बदलू, नियम एकत्र वाचू. पाठवायचं की नाही हे शेवटी तेच ठरवतील. पण निर्णय टीव्ही बघून नको, कागद वाचून व्हावा. आणि जिच्या आयुष्याचा निर्णय आहे, ती त्या खोलीत बसलेली असावी.

ते अजून आलेले नाहीत. प्रवेशाची मुदत संपलेली नाही. आम्ही वाट बघतोय.