खटल्याच्या नावातील अधिकारी

पुण्याच्या पेठांमधील अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि कोकणातून आलेली हजारो तरुण मुले-मुली तेथे लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करीत असतात. या सर्वांच्या टेबलावर एक विषय हमखास आढळतो, तो म्हणजे राज्यघटना. हा विषय ‘गुण देणारा’ समजला जातो. कलम, अनुसूची, घटनादुरुस्ती, खटला आणि वर्ष असे तक्ते भिंतीवर चिकटविले जातात आणि महिन्या-दोन महिन्यांत तोंडपाठही होतात. या तक्त्यांमध्ये एक ओळ नेहमी असते : ‘एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल, १९७६, निकाल ४ विरुद्ध १, भिन्नमत न्या. खन्ना.’ विद्यार्थी ती वाचतो, पाठ करतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. या नावातील पहिली तीन अक्षरे म्हणजे अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी, हे त्याच्या क्वचितच मनात येते. राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी झालेला मुलगा बढतीने ज्या पदावर पोहोचावा, असे त्याचे आई-वडील देवापाशी मागत असतात, तेच हे पद आहे. स्वतंत्र भारताच्या न्यायालयीन इतिहासातील सर्वांत काळ्या निकालाला नाव मिळाले आहे ते एका प्रशासकीय पदाचे.

हा योगायोग नव्हे, हे समजून घेण्यासाठी त्या दिवसांकडे वळले पाहिजे. २५ जून १९७५ च्या रात्री देशात अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी पुकारण्यात आली. मंत्रिमंडळाची संमती घेण्यात आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, घोषणा होऊन गेल्यावर. २७ जूनला कलम ३५९ अन्वये राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि कलम १४, २१ व २२ यांनी दिलेल्या हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याची वाट बंद झाली. दोनच दिवसांनी, २९ जूनला, अंतर्गत सुरक्षा कायद्यात म्हणजे ‘मिसा’मध्ये वटहुकमाद्वारे बदल करण्यात आला. आणीबाणीसाठी स्थानबद्धता आवश्यक आहे असे जाहीर केले की, स्थानबद्धाला कारणे सांगण्याचीही गरज उरली नाही. आणि हे सर्व अमलात कोणी आणायचे? मिसाने स्थानबद्धतेचा आदेश काढण्याचा अधिकार सरकारांबरोबरच जिल्हादंडाधिकारी, खास अधिकार दिलेले अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांना दिला होता. दिल्लीत निर्णय झाला हे खरे. परंतु कागदावर सही झाली ती शेकडो जिल्हा कचेऱ्यांमध्ये.

न्या. जे. सी. शहा आयोगाच्या अहवालानुसार आणीबाणीच्या काळात मिसाखाली सुमारे ३५ हजार लोक स्थानबद्ध झाले. भारत संरक्षण नियमांखालील अटका धरल्या, तर ही संख्या एक लाखाच्या पुढे जाते. येरवडा आणि नाशिक रोडच्या कारागृहांत संघाचे स्वयंसेवक, समाजवादी कार्यकर्ते आणि इतर विरोधी पक्षांचे लोक एकाच बराकीत दिवस काढत होते. यांतील प्रत्येक आदेशामागे एक अधिकारी होता. तो परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेला होता. त्यानेही राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची शपथ घेतली होती. पोलिसांनी पुढे केलेल्या यादीवर स्वतः विचार न करता सही करणारे अधिकारी किती जिल्ह्यांत निघाले, याचे अस्वस्थ करणारे चित्र शहा आयोगाने नोंदवून ठेवले आहे.

खटल्याचे पुढचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. स्थानबद्धांच्या अर्जांची सुनावणी होऊ शकते, आदेश कायद्याच्या चौकटीत आहे की नाही हे पाहता येते, असे नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले. मध्य प्रदेश उच्च न्यायालय त्यांपैकीच एक होते. त्यांविरुद्धची अपिले सर्वोच्च न्यायालयापुढे आली. आणीबाणीत एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी कोणाला ठार मारले तरी न्यायालयात इलाज नाही काय, असा प्रश्न न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारला. सरकारचा युक्तिवाद मान्य केला तर इलाज नाही, हेच उत्तर त्यांना द्यावे लागले. २८ एप्रिल १९७६ रोजी सरन्यायाधीश अ. ना. राय, न्या. बेग, न्या. यशवंत चंद्रचूड आणि न्या. भगवती या चौघांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. एकटे खन्ना वेगळे राहिले. त्याची किंमत त्यांनी मोजली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

नंतरच्या काळाने ही जखम पुष्कळ अंशी भरून काढली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून तेथे ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले, आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय अनिवार्य केला आणि कलम २० व २१ ची अंमलबजावणी आणीबाणीतही तहकूब करता येणार नाही, अशी तरतूद केली. न्या. भगवती यांनी २०११ मध्ये आपला निर्णय चुकीचा होता, हे जाहीरपणे मान्य केले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात जबलपूरचा निकाल नावानिशी रद्दबातल ठरविला. त्यातील प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या चौघांपैकी एकाचे चिरंजीव होते. संसदेने आपले काम केले, न्यायालयाने उशिरा का होईना आपली चूक दुरुस्त केली. प्रश्न उरतो तो तिसऱ्या घटकाचा. आदेशावर सही करणारा जो हात होता, त्याच्यासाठी कोणती घटनादुरुस्ती झाली?

याचे उत्तर शोधताना घटनाकारांकडे परत जावे लागते. १० ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत अखिल भारतीय सेवांना घटनात्मक संरक्षण द्यावे की नाही, यावर वादळी चर्चा चालू होती. ब्रिटिशांच्या काळातील ‘पोलादी चौकट’ स्वतंत्र देशात कशाला हवी, असा अनेक सदस्यांचा सूर होता. सरदार पटेल उभे राहिले आणि त्यांनी या सेवांची ठाम पाठराखण केली. आपला सचिव आपल्या मताविरुद्ध टिपण लिहू शकतो, तशी मोकळीक आपण सर्व सचिवांना दिली आहे, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. मनातले बोलण्याचे स्वातंत्र्य ज्या सेवेला नाही, तिच्यावर अखंड भारत उभा राहणार नाही, ही त्यांची धारणा होती. कलम ३११ चे कवच त्यासाठी आहे. सक्षम अधिकाऱ्यावाचून बडतर्फी नाही आणि चौकशीवाचून, म्हणणे ऐकून घेतल्यावाचून शिक्षा नाही, हा त्याचा गाभा. अधिकाऱ्याने निर्भयपणे ‘हे कायद्यात बसत नाही’ असे लिहावे, म्हणून घटनेने त्याला दिलेले हे बळ आहे. त्याचे रूपांतर केवळ नोकरीच्या शाश्वतीत झाले, तर घटनाकारांचा हेतूच पराभूत होतो.

सही टाळणे सोपे नसते, हे मान्य केले पाहिजे. दूरध्वनीवरून सूचना येते, लेखी काहीच नसते. नकार दिला तर बदलीचा आदेश हाती पडतो. मुलांची शाळा, वृद्ध आई-वडील, सारेच विस्कटते. प्रामाणिक अधिकाऱ्यांच्या बदल्यांची उदाहरणे सर्वच पक्षांच्या राजवटीत सापडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही कायद्याने त्याला अगदी निःशस्त्र ठेवलेले नाही. अखिल भारतीय सेवांचे १९६८ चे वर्तणूक नियम सांगतात की, वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा आणि तोंडी द्यावाच लागला तर नंतर तो लेखी कायम करावा. ८३ माजी सनदी अधिकाऱ्यांनी केलेल्या याचिकेवर, टी. एस. आर. सुब्रमण्यन खटल्यात, ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच अधिक स्पष्ट केले : तोंडी आदेशांवर कारभार चालू नये, त्यांची नोंद व्हावी आणि अधिकाऱ्यांना पदावर किमान निश्चित कालावधी मिळावा. महाराष्ट्राने तर २००५ मध्येच बदल्यांचे विनियमन करणारा कायदा करून सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरविला. या तरतुदींना वाटा काढल्या जातात हे खरे. पण ‘आदेश लेखी द्यावा’ ही तीन शब्दांची विनंती अनेक बेकायदा इच्छा जागच्या जागी विरघळवते, हाही अनुभव आहे.

चालू घडामोडींचा अभ्यासदेखील याच दृष्टीने झाला पाहिजे. २० ऑगस्ट २०२५ रोजी १३० वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले. पाच वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्याच्या आरोपाखाली सलग ३० दिवस कोठडीत असलेल्या पंतप्रधान, मुख्यमंत्री वा मंत्र्याने पद गमवावे, अशी त्यात तरतूद होती. ते संयुक्त समितीकडे पाठविण्यात आले. तुरुंगातून राज्यकारभार चालावा हे कोणत्याही स्वाभिमानी समाजाला रुचणारे नाही, आणि सामान्य सरकारी कर्मचारी ४८ तास कोठडीत राहिला तर निलंबित होत असेल, तर मंत्र्याला वेगळा न्याय का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचबरोबर, दोषसिद्धीपूर्वीची अटक हीच पदच्युतीचे कारण ठरली, तर अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखणीचे वजन किती वाढेल, हा विरोधकांचा आक्षेपही तितक्याच गांभीर्याने समजून घ्यावा लागतो. तक्त्यात केवळ विधेयकाचा क्रमांक लिहून ठेवणाऱ्याच्या हाती यातले काहीच लागत नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या अधिक जवळचे आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलावर ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, गुन्हा कोणत्याही कायद्याखालील असो, अटकेची कारणे आरोपीला लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत दिली गेली पाहिजेत. हे तत्काळ शक्य नसेल, तर कारणे तोंडी सांगावीत आणि दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती लेखी द्यावीत. आता १९७५ आणि २०२५ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. त्या वेळी स्थानबद्धाला कारणे सांगण्याची गरज नाही, असा कायदा होता. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आणि गुन्ह्यासाठीची अटक यांत भेद आहे, परंतु आज अटक झालेल्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत लेखी कारण मिळण्याचा हक्क आहे. कलम २२ मधील ‘कारणे कळविणे’ या दोन शब्दांनी केलेला हा पन्नास वर्षांचा प्रवास आहे. तो ज्याला कळला, त्याला घटना कळू लागली असे म्हणता येईल.

राज्य लोकसेवा आयोगाने मुख्य परीक्षा पुन्हा वर्णनात्मक करण्याचे ठरविले, तेव्हा २०२३ च्या आरंभी पुण्यात विद्यार्थ्यांनी मोठे आंदोलन केले. वर्षानुवर्षे एका पद्धतीने केलेली तयारी एकाएकी निरुपयोगी ठरू नये, ही त्यांची मागणी न्याय्य होती आणि आयोगाने नवी पद्धत २०२५ पासून लागू करण्याचे मान्यही केले. नऊ प्रश्नपत्रिका, १७५० गुणांची लेखी परीक्षा आणि २७५ गुणांची मुलाखत, असे तिचे स्वरूप. चार पर्यायांपैकी ‘न्या. खन्ना’ या नावासमोरचे वर्तुळ रंगविणे वेगळे आणि खन्ना एकटे का उभे राहिले हे अडीचशे शब्दांत लिहिणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी तयार टिपणांची बाजारपेठ उपयोगी पडत नाही. घटनेचा मराठी अनुवाद, घटना समितीतील चर्चा आणि दोन-चार महत्त्वाची निकालपत्रे स्वतः वाचावी लागतात. भिन्नमत तर आवर्जून वाचावे लागते. हे वाचन कष्टाचे आहे. परंतु आई-वडिलांनी जमिनीचा तुकडा गहाण टाकून ज्याला पुण्यास पाठविले, त्याला कष्टाचे वावडे असण्याचे कारण नाही.

परीक्षार्थींपैकी फार थोड्यांना पद मिळेल, हेही सत्य आहे. ज्यांना मिळणार नाही ते शिक्षक, वकील, पत्रकार, उद्योजक किंवा सरपंच होतील. त्यांचेही हे वाचन वाया जाणार नाही, कारण आपल्या हक्कांचे आणि कर्तव्यांचे भान असलेला नागरिक हाच अधिकाऱ्याच्या लेखणीवरचा खरा पहारा असतो. आणि ज्यांना पद मिळेल, त्यांच्यापुढे कधी तरी, बहुधा एखाद्या रात्री उशिरा, घाईघाईने टंकलिखित केलेला एक कागद सहीसाठी येईल. त्या क्षणी कोणतेही मार्गदर्शन केंद्र मदतीला येणार नाही. शिवकांत शुक्ल कोण होते हे तेव्हा त्यांना कोणी विचारणार नाही. मात्र समोरच्या कागदावर ज्याचे नाव आहे, तो त्या रात्रीपुरता शिवकांत शुक्लच असेल. त्याच्यासाठी तो कागद नीट वाचणारा आणि गरज पडल्यास तो सहीवाचून परत पाठविणारा अधिकारी या अभ्यासिकांतून घडावा, हीच राज्यघटनेची या परीक्षार्थींकडून अपेक्षा आहे.