लहान तोंडी मोठी प्रार्थना

सणासुदीच्या अंकात प्रार्थनेवरून भांडण उकरून काढणे बरे दिसत नाही, हे मला कळते. पण शेजारच्या तीन घरांतून फराळाची ताटे आली आहेत, त्यांतली चकली खातखातच मी हे लिहीत आहे, आणि माझे भांडण आहे ते आमच्याच ख्रिस्ती माणसांशी. तेव्हा वाचकांनी निर्धास्त बसावे.

माझी भाची सात वर्षांची आहे. आमच्या नगरच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना होते. आजोबा ती चालवीत, मग वडील चालवू लागले, आता माझा भाऊ चालवतो. अमेरिकन मिशनरी नगरला आले १८३१ साली. तेव्हापासून पिढ्यानपिढ्या तोंडातून जाऊन आमच्या प्रार्थनांचे शब्द वाड्याच्या पायरीसारखे गुळगुळीत झाले आहेत. कोठे श्वास घ्यायचा तेही ठरलेले. परवाच्या पावसाळ्यात एके रात्री पोरीची पाळी आली आणि तिने ते शब्द सोडून दिले. म्हणाली, "देवबापा, पप्पा आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत. मला त्याची भीती वाटते. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगते. आमेन."

घराच्या वाटणीवरून माझ्या दोघा भावांचा तीन वर्षे अबोला आहे. ताटावर कोणी हात घालीना. शेवटी भाऊ म्हणाला, "घरातल्या गोष्टी प्रार्थनेत आणायच्या नसतात."

मग कोणत्या आणायच्या? कापडबाजारातल्या?

गंमत पुढेच आहे. त्याच भावाने चार दिवसांनी पाळकसाहेबांना अभिमानाने सांगितले, की मुलगी आता आपल्या मनाने प्रार्थना करू लागली आहे. साहेबांनी लगेच ठरवले, की येत्या रविवारी तिने मंडळीपुढे उभे राहून साक्ष द्यावी. भावाने तिला वहीच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या. त्यांत काका नव्हता.

आमच्या शाळेतल्या एका बाईंना मी हे सांगितले. त्या हसल्या. "सात वर्षांच्या पोरीची कसली आलीय श्रद्धा? पढवलेला पोपट तो!" मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही, तत्त्वज्ञान मला येत नाही, पण वीस वर्षे मी लहान मुलांना शिकवते. पाठ केलेले म्हणताना मूल बाईंच्या तोंडाकडे बघते. चुकले का, बरोबर आले का, हे त्याला तिथे दिसत असते. स्वतःचे सांगताना ते भलतीकडेच कोठेतरी बघते. त्या रात्री माझी भाची पाण्याच्या तांब्याकडे बघत होती. आणि पढवलेला पोपट पढवले तेवढेच बोलतो. ही तर नेमके जे कोणी शिकवले नव्हते तेच बोलली.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षे काय झाले ते बाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे आणि आम्ही ते कौतुकाने वाचतो. नवऱ्याचा विश्वास बायकोला आपोआप लागू होत नाही, तिला तिच्या पायांनी यावे लागते, हे आम्हांला पटते. मात्र बापाचा विश्वास लेकीला लागू होतो, घराच्या उताऱ्यावर नाव चढावे तसा! पंडिता रमाबाईंबरोबर वाँटेजला १८८३ च्या सप्टेंबरात अडीच वर्षांच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. पुढे तिला धर्म कोणी आणि कसा शिकवायचा यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचे खटके उडाले. ती पत्रे छापलेली आहेत. वाचताना माझे लक्ष त्या दोन करारी बायांवरून घसरते आणि मधल्या पोरीकडे जाते.

कॅथलिकांचे एक मला आवडते. दहाबारा वर्षांपर्यंत मुलांना कम्युनियनसाठी थांबवण्याची पद्धत पोप दहावे पायस यांनी १९१० साली मोडली आणि सातव्या वर्षाच्या सुमारास मुलाला समज येते, असे ठरवले. रोमला जे कळले ते आमच्या घरात कळत नाही.

आम्ही शब्बाथशाळेत शमुवेलाची गोष्ट शिकवतो. देवाने रात्री पोराला हाक मारली, ते उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे धावले. असे तीनदा झाले, तेव्हा कोठे म्हाताऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पण मग त्याने काय केले? पोराच्या वतीने उत्तर दिले नाही, कागदावर लिहूनही दिले नाही. जाऊन नीज, हाक आली की तूच ओ दे, म्हणाला. इथपर्यंत सगळे शिकवतात. पोराला जो निरोप मिळाला तो एलीच्याच घराविरुद्ध होता, हा भाग आमचे शिक्षक घाईघाईने उरकतात. एलीने मात्र सकाळी पोराला बोलावून काही न लपवता सगळे सांगायला लावले, आणि ऐकून घेतले.

उद्या ही पोर मोठी होईल, तिचा विश्वास टिकेल न टिकेल. आम्हां मोठ्यांचा कोठे टिकला आहे? भावाभावांची दारे समोरासमोर, आणि नाताळच्या करंज्यांचे ताट अंगण ओलांडून जात नाही.

रविवारी ती उभी राहिली. काकाचे कुटुंब मागच्या बाकावर होते. तिने चार ओळी बापाच्या तोंडाकडे बघत न चुकता म्हटल्या. मंडळी खूष झाली, रंगीत पेन्सिलींचा डबा बक्षीस मिळाला. त्या रात्री घरी तिची पाळी आली तेव्हा तिने जुनेच शब्द म्हटले, ठरलेल्या जागी श्वास घेतला. भाऊ म्हणाला, "शाब्बास."

ती माझ्याजवळ निजते. दिवा मालवल्यावर भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत असते. काय म्हणतेस म्हणून मी अजून विचारलेले नाही.